उपासाच्या दिवशीचं माप

सोमवारी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी यमुनाबाई इंगोलेचा नवा पाय चढला नाही.

खाटेच्या कडेवर बसून तिने तो तिसऱ्यांदा लावून पाहिला. डावा पाय गुडघ्याखाली वीतभर उरलेला. त्या खुंटाला पावडर फासून झाली होती. आधी तीनपदरी मोजा घालून पाहिला, मग एकपदरी, मग मोज्याशिवाय. शेवटी दोन्ही हातांनी खाट धरून ती उभी राहिली आणि अंगाचं सगळं वजन डावीकडे टाकलं. पाय चार बोटं बाहेरच राहिला. सॉकेटची, म्हणजे खुंट बसतो त्या खोबणीची कड गुडघ्यामागच्या शिरेत रुतली आणि तिच्या तोंडून शिवी गेली. शिवी कुणाला, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

पावणेसहाला तिचा नवरा बद्रीनाथ आला. नऱ्ह्याला एका अर्धवट इमारतीवर तो रात्रपाळीचा वॉचमन होता. कोपऱ्यात काठी उभी करून त्याने तिच्याकडे पाहिलं.

"काहून बसली?"

"जात नाही हा."

"दसऱ्याले तं जात होता."

"तेच म्हणून राह्यली ना मी. दसऱ्याले जात होता."

नवरात्रात नऊही दिवस हा पाय तीनपदरी मोज्यावर सुरीसारखा आत गेला होता. दसऱ्याला भटारखान्यात पोळ्यांच्या नव्या मशीनची पूजा झाली, तेव्हा ती तासभर उभी राहिली होती आणि मालक हिंमतरावांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "हिला आता कोण म्हणेल लंगडी?" त्यानंतर शनिवार-रविवार सुट्टी. आयटीवाल्या कंपन्या बंद, म्हणून भटारखाना बंद. दोन दिवस ती पुरणपोळी खाऊन खाटेवर पडली होती. पाच वर्षांत असं पडणं तिला मिळालं नव्हतं.

"जुना घाल," बद्रीनाथ म्हणाला.

जुना पाय खाटेखाली होता. सहा वर्षांपूर्वीचा. पंजाला चीर पडलेली, तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी. सोयाबीनच्या मळणी यंत्रात पाय गेला त्या साली गावाकडे शिबिरात मिळालेला. त्यानंतर खुंट वाळला आणि पाय तेवढाच राहिला. पाचपदरी एक, तीनपदरी एक, असे आठ पदर चढवून तिने तो घातला. उरलेले मोजे पिशवीत घालून पिशवी कमरेला खोचली.

"आज पहिला दिवस हाय," ती म्हणाली.

बद्रीनाथने दार उघडून धरलं.

*

हिंमतरावांचा भटारखाना धायरी गावाच्या टोकाला होता. वडिलोपार्जित शेतात आता चार इमारती उभ्या होत्या, आणि राहिलेल्या तुकड्यावर पत्र्याची ही लांबलचक शेड. हिंजवडीच्या दोन कंपन्यांचं जेवण इथून जायचं. गेली पाच वर्षं सहा बायका जमिनीवर गोल करून बसायच्या आणि पोळ्या लाटायच्या. बसल्या कामाला पाय लागत नाही. यमुनाबाई आल्या आल्या पाय काढून फडक्यात गुंडाळायची आणि परातीमागे ठेवायची. तिच्या हाताखालून पोळी जाताना दिसायची नाही, एवढं तिचं लाटणं चालायचं.

मशीनने लाटणंच काढून घेतलं. तोंडाशी गोळे सोडायला एक बाई, शेपटाशी भाजून आलेल्या पोळ्या उचलून, तूप फिरवून, पाच-पाचच्या चळती लावायला एक बाई. दोघी उभ्या. तोंडाशी हिंमतरावांची भावजय सुहासिनी ठरलेलीच होती. तिघींना भाजी चिरायला बसवलं होतं, तेही दिवाळीपर्यंतच. शेपटाची एक जागा उरली. तिथे यमुनाबाई किंवा वेणूबाई. हा आठवडा यमुनाबाई उभी राहणार होती, तूप लावायला शेजारी वेणूबाई. पुढच्या सोमवारी हिंमतराव काय ते सांगणार होते.

वेणूबाई धायरीचीच. पन्नाशीची. दिरांनी जमीन विकली तेव्हा हिच्या हाताला अंगठ्याच्या शाईपलीकडे काही लागलं नव्हतं. यमुनाबाईला जुन्या पायावर येताना तिने लांबूनच पाहिलं.

"आगं, पाय हाय का पाहुणा? सणाला आला न् सण झाल्यावर गेला व्हय?"

"घरी ठेवला. सुकतोय."

"सुकतोय? धुतला का काय त्याला?"

मशीन साडेसहाला सुरू झालं. पट्ट्यावरून पोळ्या येऊ लागल्या, फुगलेल्या, एकीमागे एक. यमुनाबाईच्या बोटांना चटका बसायचा नाही. उचलायची, टाकायची, सहाव्याला नवी चळत न बघता सुरू करायची. सात वाजेपर्यंत पाय ठीक होता. साडेआठला तिला तो जाणवला. खुंट आत उतरत होता. रोजचंच होतं हे. सकाळी भरलेला पाय चालून, उभं राहून, घामाने उतरतो, आणि मग मोजा वाढवावा लागतो. बसल्या कामात कधीच अडलं नाही. इथे मोजा चढवायचा तर खाली बसायचं, पट्टा सोडायचा, पाय काढायचा, मोजा नीट ताणून घ्यायचा, पाय घालायचा. दोन मिनिटं. दोन मिनिटांत तीसएक पोळ्या.

नऊला प्रत्येक पावलाला सॉकेटमधून पच्‌ पच्‌ आवाज येऊ लागला. साडेनऊला हाडाचं टोक तळाला टेकलं.

"वेणूमावशी, दोन मिनिटं धरता का?"

वेणूबाईने तुपाची वाटी खाली ठेवली. ती दोन्हीकडे हात चालवू पाहत होती तोच हिंमतराव आले.

"काय झालं?"

"मोजा चढवायचाय, भाऊ."

"नवा पाय आणला म्हणालीस ना?"

"आणलाय."

"मग तो काय लग्नाला घालायचाय?" हिंमतराव हसले नाहीत. "इथं पाय काढून बसू नकोस. अन्नाची जागा आहे. शुक्रवारी कंपनीच्या मॅडम येणार आहेत बघायला."

पाच वर्षं पाय याच जागेत परातीमागे पडलेला असायचा.  यमुनाबाईने पट्ट्याकडे तोंड केलं. अकराला मशीन बंद झालं तेव्हा गुडघ्याच्या वाटीखाली कातडं सोललं होतं आणि मोज्याला ते चिकटलं होतं.

*

मंगळवारीही जुनाच पाय. त्या दुपारी काम सुटल्यावर नवा पाय पिशवीत घालून ती पीएमटीने शहरात गेली. पिशवीच्या तोंडातून पंजा बाहेर डोकावत होता. कंडक्टरने पाहिलं, तिकीट फाडलं, आणि शेजारच्या बाईला सांगितलं, "सरकून बसा, दोघं आहेत."

कृत्रिम पायांचं केंद्र पेठेतल्या एका गल्लीत, एका धर्मादाय संस्थेच्या मागच्या अंगाला होतं. बाहेर पाटी: 'पाय घेऊन आत यावे. चपला बाहेर.' श्यामसुंदर नावाचे साठीचे गृहस्थ एकटेच तिथे मापं घेत, साचे घडवत आणि तक्रारी ऐकत. अंगातला प्लास्टरचा पांढरा कोट मूळचा पांढरा होता की नव्हता, हे सांगणं कठीण.

"बसा. काय म्हणतोय?"

"चढत नाही, सर."

"कधीच?"

"नवरात्रात चढला. आता नाही."

त्यांनी खुंट हातात घेतला. बोटाने दाबला, बोट काढलं, खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. फितीने तीन ठिकाणी मोजलं. मग वही काढून मागची पानं चाळली. तिथली मापं त्यांनी दोनदा वाचली.

"बाई, आता दुपारचे तीन वाजलेत. तुम्ही पाच तास उभ्या राहून आला आहात. म्हणजे पाय आत्ता सगळ्यात बारीक असायला हवा. तरी माझ्या मापापेक्षा जाड आहे. जाड झालात का आपण?"

"नाही हो."

"मला पण तसं दिसत नाही." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटली. "सतरा सप्टेंबर. शुक्रवार. दुसऱ्या दिवशी गणपती." त्यांचं बोट थांबलं. "हरतालिका."

"हाव."

"उपास होता?"

"निर्जळी. वर्षाची करते मी. लग्नापासून."

"पाणी?"

"निर्जळी म्हणजे निर्जळीच ना, सर."

श्यामसुंदरांनी वही मिटली. त्या दिवशी ती सकाळी नऊला आली होती. शिबिरामुळे रांग जिन्यापर्यंत होती. तिचा नंबर चारला लागला होता, तोवर ती उभीच. आदल्या संध्याकाळपासून पोटात थेंब नव्हता. प्लास्टर ओलं असताना तिला घेरी आली होती, आणि त्यांनीच म्हटलं होतं, "हलू नका, साचा बिघडेल."

"मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. मग त्यांचा नेहमीचा सूर परत आला. "पण बायका नवऱ्यासाठी सुकतात, पायाचं कोण विचारतो. मी उपाशी पायाचं माप घेतलं. तुमचा पाय रोज जेवणारा आहे."

"मग आता?"

"पुन्हा साचा घ्यावा लागेल. साहित्य संपलंय. जानेवारीत येईल."

"मले या शुक्रवारपर्यंत पाहिजे. सोमवारी ते सांगणार हायेत."

त्यांनी कोण, काय विचारलं नाही. सॉकेट घेऊन आत गेले. गरम हवेच्या बंदुकीचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर आले तेव्हा सॉकेट दोन जागी थोडं फुगवलेलं होतं.

"यापेक्षा जास्त फुगवलं तर तडकेल. आता नीट ऐका. झोपताना इलॅस्टिकची पट्टी खालून वर बांधायची, खाली घट्ट, वर सैल. उशीवर पाय. पहाटे चारला उठून पाय घाला, जेवढा जाईल तेवढा, आणि खोलीतल्या खोलीत चाला. अर्ध्या तासाने आणखी आत जाईल. मीठ कमी. लोणचं, पापड बंद. पण नऊच्या सुमाराला मोजा वाढवावा लागणार, अकराला पुन्हा एक. ते टळणार नाही. माणसाचा पाय दिवसभर एक राहत नाही, सॉकेट राहतं."

"आणि पाणी?"

"पाणी प्यायचं." चष्म्यावरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "पाणी बंद करायचं नाही. कळलं का?"

"हाव, सर," यमुनाबाई म्हणाली.

*

बुधवारी सकाळी पाय गेला. एक बोट बाहेर, पण गेला. पहाटे चारपासून ती खाट ते मोरी, मोरी ते खाट अशी चालत होती. पट्टी बांधलेली होती, जेवणात मीठ नव्हतं, आणि मंगळवारच्या संध्याकाळपासून तिने पाणी घेतलं नव्हतं.

गुरुवारी तीनपदरी मोज्यासह गेला. नऊला ढिला पडला नाही. उतरायला आत काही उरलंच नव्हतं. सलग साडेचार तास ती शेपटाशी उभी राहिली. पोळ्या येत होत्या, चळती लागत होत्या. सुहासिनीने तोंडाकडून ओरडून म्हटलं, "यमुनाबाई, मी सोडते त्याच्या आधी तुमच्या हातात!" हिंमतराव दोनदा येऊन गेले आणि काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं चांगलं असतं.

वेणूबाई मात्र तूप फिरवता फिरवता तिच्या ओठांकडे बघत होती.

"त्वांड का आसं पांढरं पडलंय तुझं?"

"पीठ उडालं असंल."

"मशीनीत पीठ उडत न्हाय. च्या पण घेतला न्हाईस सकाळधरनं."

"मावशी, तुमची नजर तुपावर ठेवा. खाली सांडून राह्यलं."

"सांडू दे. माझ्या बाचं न्हाय ते." थोडं थांबून वेणूबाई म्हणाली, "तू पडलीस तर जागा मला मिळंल, ते ठावं हाय मला. पर माझ्या हातावर पडू नगंस. बास."

घरी बद्रीनाथने संध्याकाळी कामावर जाताना माठ उघडून पाहिला. सकाळी भरलेला माठ तसाच होता, त्याने स्वतः प्यालेला एक तांब्या सोडून.

"तू पाणी काहून पित नाही?"

"पिते."

"मी पाहून राह्यलो ना."

"कामावर पिते."

"लघवीले जळते म्हणून काल सांजले कण्हत होती, माझ्या पहाऱ्याच्या आधी. मी काय बहिरा हाव?" तो खाली बसला. "त्या सरनं काय सांगितलं होतं?"

"सांगितलं, पट्टी बांधा. मीठ सोडा."

"आन् पाणी?"

 ती पट्टी गुंडाळत राहिली, खालून वर, खाली घट्ट, वर सैल.

"यमुने, तो पाय तुह्या मापाचा नाही."

"मग मी त्याच्या मापाची होते," ती म्हणाली. "एका आठवड्याची तं गोष्ट हाय. घटाले नऊ दिवस राह्यले नाही का मी? तवा कोणी माठ मोजला नाही."

"तवा देवीसाठी होतं."

"हे कोणासाठी हाय? सांगा. तुमची इमारत पुरी झाली का तुमचा पहारा संपला. मंग?"

बद्रीनाथने काठी घेतली. दारात थांबून त्याने तांब्या भरला आणि तिच्या उशाशी ठेवून गेला. सकाळी तो परतला तेव्हा तांब्या भरलेलाच होता, वर झाकण.

*

शुक्रवारी पाय पाचपदरी मोज्यावर गेला. खुंट इतका उतरलेला तिने कधी पाहिला नव्हता. कातडी सुरकुतली होती. उभं राहताना दार थोडं सरकल्यासारखं वाटलं आणि पुन्हा जागेवर आलं.

साडेआठला कंपनीच्या मॅडम आल्या. तनया नाव. पंचवीस-सव्वीस वर्षांची, गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड. डोक्याला कागदी टोपी घालून ती शेडमधून फिरली. "नाइस. मशीनमुळे हायजीन खूप इम्प्रूव्ह होतं, नाही?" ती हिंमतरावांना म्हणाली. हिंमतराव हो म्हणाले.

मशीनच्या भट्टीची झळ शेपटाशी सगळ्यात जास्त. यमुनाबाईला घाम यायचा थांबला होता. जीभ टाळूला चिकटली होती. नऊ वाजले आणि जे दोन दिवस झालं नव्हतं ते झालं. पाय ढिला पडला. एकदम. पच्‌. हाडाचं टोक तळाला टेकलं, सोललेल्या जागेवर कड बसली, आणि ती डावीकडे झुकली. एक पोळी हातातून निसटून खाली गेली. मग दुसरी. पट्ट्याची कड धरावी म्हणून तिने हात टाकला. वेणूबाईने तो हात मनगटाशी पकडून मागे ओढला. पट्ट्याखाली साखळी होती.

"सांगितलं व्हतं ना माझ्यावर पडू नगंस," वेणूबाई हळूच म्हणाली. हात तिने सोडला नाही.

यमुनाबाईने समोर पाहिलं. हिंमतराव मॅडमना भांडी घासायची जागा दाखवत होते. पोळ्या येत होत्या. तिने वेणूबाईच्या हातातून हात सोडवला आणि मशीनच्या अंगावरचं लाल बटण दाबलं.

पट्टा थांबला. आवाज बंद झाल्यावर शेडमधल्या सगळ्यांनी वर पाहिलं. सुहासिनीच्या हातातला गोळा हातातच राहिला.

यमुनाबाई कणकेच्या पोत्यावर बसली. लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं, पट्टा सोडला, पाय काढून शेजारी उभा केला. कमरेच्या पिशवीतून तीनपदरी मोजा काढला. पाचपदरीवर लाल डाग होता, सोललेल्या जागेपुरता. त्याच्यावरच तिने तो चढवला, एकही सुरकुती राहू न देता, दोन्ही अंगठ्यांनी वर ताणत. भट्टीत अडकलेल्या पोळ्यांचा करपल्याचा वास येऊ लागला.

"मावशी, पाणी," ती म्हणाली.

वेणूबाईने पिंपातून जग भरून आणला. यमुनाबाई तो तोंडाला लावून प्यायली, गळ्यावरून ओघळ पोलक्यात जाईपर्यंत. मग अर्धा जग आणखी. मग पाय घातला, पट्टा ओढला, उभी राहिली, दोनदा वजन टाकून पाहिलं.

"हे काय चाललंय?" हिंमतराव येऊन उभे राहिले होते. त्यांच्यामागे तनया.

"मोजा चढवला, भाऊ."

"मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं." तिने लाल बटण ओढलं. पट्टा हलला. पहिल्या पोळ्या काळ्या आल्या. त्या उचलून तिने बाजूला टाकल्या, मोजत. "बावीस. रोज नऊला बावीस जातील, अकराच्या आधी आणखी बावीस. मशीन रिकामं करून थांबवलं तर एकही नाही जाणार. सुहासिनीताईनं दोन मिनिटं गोळे थांबवले का झालं."

हिंमतरावांचा चेहरा लाल झाला. सुहासिनी खाली मान घालून गोळा दाबत होती.

"एक्स्क्यूज मी," तनया म्हणाली, "यांना प्रोस्थेसिस आहे, हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात, मॅडम. आजचा शेवटचाच दिवस हिचा इथं, ट्रायल होती..." हिंमतराव थांबले.

तनयाने पॅडवर काहीतरी लिहिलं. दोन ओळी असाव्यात. काय लिहिलं ते तिने कुणाला दाखवलं नाही, आणि दहा वाजता तिची गाडी गेली.

मशीन अकराला बंद झालं. गाडी गेल्यापासून हिंमतराव ऑफिसच्या खोलीतून बाहेर आले नव्हते. जाताना वेणूबाईने करपलेल्या पोळ्या फडक्यात बांधल्या.

"म्हशीला," ती म्हणाली. फाट्यापर्यंत दोघी एकत्र चालल्या. 

*

शनिवार-रविवार यमुनाबाई पाणी प्यायली, वरण-भात खाल्ला, लोणचं टाळलं. दोन्ही रात्री पट्टी बांधली. सोमवारी पहाटे चारला तिने नवा पाय घातला तेव्हा तो तीन बोटं बाहेर होता. बद्रीनाथने त्या रात्री पाळी बदलून घेतली होती. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ती खोलीत फिरली, खाट ते मोरी, मोरी ते खाट. साडेपाचला दोन बोटं राहिला. त्यावरच ती निघाली. अंतर पंधरा मिनिटांचं. सहा वाजून पाच मिनिटांनी ती भटारखान्यात पोहोचली. वाटेत दोनदा थांबली होती.

वेणूबाई आधीच आली होती. सुहासिनी मळायच्या यंत्रात कणीक टाकत होती. मशीनच्या शेपटाशी पत्र्याचं एक उंच स्टूल ठेवलेलं होतं. शुक्रवारी ते नव्हतं. त्यावर बसून पट्ट्यावरच्या पोळ्या उचलता आल्या असत्या.

"कोणासाठी हाय?" यमुनाबाईने विचारलं.

"ठावं न्हाय," वेणूबाई म्हणाली. "मी आले तवापासून हायच. मी बसले न्हाय त्याच्यावर."

सुहासिनीला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं.

दोघी स्टुलाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. सव्वासहा वाजले होते. हिंमतरावांच्या खोलीत दिवा लागलेला होता. ते फोनवर होते. साडेसहाला मशीन सुरू झालं तोवर जागा कोणाची ते सांगायला ते बाहेर आले नव्हते.